शहनाजला आधी कळलं

दही-साखर

आमच्याकडं कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की हातावर दही-साखर ठेवतात. काम जेवढं मोठं तेवढी साखर जास्त, ही त्यात मी घातलेली भर. मुलीच्या बारावीच्या पहिल्या पेपरला मी एवढी साखर घातली होती की बिचारी पेपर संपेपर्यंत पाणी पीत बसली. तर ज्या पहाटे सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, स्कॅनसाठी आमच्या गाडीनं लातूरहून नांदेडला न्यायचं होतं, त्या पहाटे मी वाटीभर दही घेतलं, मूठभर साखर ओतली आणि दारात उभा राहिलो. तिनं वाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि तळहात पुढं केला. वाटी संपेपर्यंत केला.

नांदेडच्या सेंटरमध्ये पांढऱ्या कोटातल्या मुलीनं विचारलं, रात्रीपासून काही खाल्लं का. सुनंदा तोंड उघडायच्या आत मीच छाती पुढं काढून सांगितलं, की पाण्याशिवाय काही नाही, माझी देखरेख कडक आहे. आणि उगं खोटं नको म्हणून जोडलं, "दही-साखर तेवढी दिली. ते काही खाणं नव्हे."

मुलीनं सुनंदाचं बोट टोचून रक्तातली साखर बघितली. मग तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जशी मी दुकानात ओल्या हातानं स्विच दाबणाऱ्या गिऱ्हाइकाकडं बघतो. (लातूरला माझं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी आम्ही आत नवी तार गुंडाळून पुन्हा भरून देतो.) या स्कॅनच्या आधी शिरेतून जे औषध देतात ती एक प्रकारची साखरच असते, किरणं सोडणारी. कॅन्सरच्या पेशी हावरट. त्या ती साखर भराभर ओढून घेतात आणि यंत्राला त्या जागा दिसतात. अंगात आधीच घरची साखर फिरत असेल तर चित्र गढूळ येतं. म्हणून तर फोनवर सांगितलं होतं की पाण्याशिवाय काही नको. ते मी ऐकलं होतं. पण शकुन पोटात जातो हे माझ्या ध्यानात आलं नाही.

"उद्या या," मुलगी म्हणाली. "आणि काका, उद्या शकुन नको."

ज्यांच्या घरात हे स्कॅन व्हायचंय त्यांच्यासाठी ही पहिली सूचना. बाकीच्या सूचना इतक्या सोप्या नाहीत.

टोपाची गोष्ट

दोन वर्षांपूर्वी सुनंदाचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. मग केमो झाली, मग लाइट, म्हणजे किरणांचा उपचार, झाली. ती शाळेत विज्ञान शिकवते. डॉक्टरांनी निदान सांगितलं त्या दिवशी तिनं वहीत टिपून घेतल्यासारखं शांतपणे ऐकलं आणि दोन प्रश्न विचारले. मी दवाखान्याच्या जिन्यात बसलो आणि चपला कुठं काढल्या ते विसरलो. घरी अनवाणी आलो.

हे अनवाणी येणं मी नंतर सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना सांगितलं. आमच्या घराण्यात लग्न असो, बारसं असो, जेवणं झाली की माझ्याभोवती खुर्च्या ओढल्या जातात. माणूस किती घाबरला होता हे सांगायचं आणि हसवायचं, हा माझा धंदा; मोटारी भरणं हा जोडधंदा. सुनंदाच्या आजारपणाच्या माझ्याकडं पाच-सहा तयार गोष्टी झाल्या. त्यातली सगळ्यात चालणारी टोपाची. केमोत केस गेल्यावर तिनं केसांचा टोप आणला. उन्हाळ्यातलं लग्न, मांडवात ढोलाएवढा कूलर, आणि अक्षता टाकायला ती पुढं झाली तशी टोपानं दिशा बदलली. भांग कानावर आला. शेजारच्या म्हाताऱ्या मावशींनी तो सरळ करायच्या नादात उलटाच बसवला. ही गोष्ट मी सांगायला लागलो की लोक मांडीवर थापा मारायचे. सुनंदाही हसायची.

वर्ष बरं गेलं. मग संक्रांतीनंतर एक दिवस ती म्हणाली, पाठ दुखते. मी म्हटलं, गहू निवडायला वाकून बसली असशील. मलम लावलं. पण डॉक्टरांनी मलमाचं नाव काढलं नाही. त्यांनी रक्त तपासलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, की आजार कुठं पसरलाय का ते बघावं लागेल. तो चष्मा पुसणं मला कळलं. मीसुद्धा दुरुस्त न होणारी मोटार हातात आली की हात पुसतो.

मुलगी पुण्याला नोकरीत आहे. तिला स्कॅन झाल्यावरच सांगायचं ठरलं. हे सुनंदानं ठरवलं आणि मी मान हलवली.

मॅडमची शहनाज

सेंटरमधून "उद्या या" ऐकून आम्ही बाहेर आलो. मला वाटलं, बायको आता चिडणार. तिनं पर्समधून फोन काढला, दोन पावलं बाजूला गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच दिवसांत न बघितलेलं काहीतरी होतं. "शहनाजकडं राहू," म्हणाली. "ती न्यायला येतेय."

शहनाज ही तिची जुनी विद्यार्थिनी. आमची मुलगी लहान होती तेव्हा सुनंदाची नोकरी नांदेडला होती. मी दुकानामुळं लातूरला, रविवारचा नांदेडला. आठवड्याच्या बाकीच्या दिवसांत माझी बायको कुणाची होती हे मी कधी विचारलं नाही. आता कळलं, ती दहावी 'ब' ची होती, आणि त्यातल्या त्यात पहिल्या बाकावरच्या एका मुलीची.

ती मुलगी आता डॉक्टर शहनाज झालीय. औषधाची डॉक्टर नव्हे, रसायनशास्त्राची. बाळंतपणासाठी माहेरी आलीय, सासर गावातच, सातवा महिना, तरी रोज प्रयोगशाळेत जाते. तिनं आल्या आल्या सुनंदाला मिठी मारली, पोटामुळं अंमळ तिरकी, आणि मला म्हणाली, "कसे आहात काका?" बायको मॅडम आणि नवरा काका. सर नाही, काही नाही. तिथूनच माझं बिनसलं.

दुपार रिकामी होती म्हणून तिनं आम्हाला प्रयोगशाळा दाखवली. थंडगार खोली, फ्रिजची घरघर. बशीएवढ्या काचेच्या थाळ्यांत कॅन्सरच्या पेशी वाढवलेल्या. शहनाजचं काम असं: एक असा बारीक रेणू बनवायचा, की ज्याला दोन टोकं आहेत. एक टोक फक्त पसरणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशीची कडी ओळखतं आणि तिथं अडकतं. दुसरं टोक चमकतं. अंगात सोडला की तो सगळीकडं हिंडणार, चांगल्या पेशींना सलाम करून पुढं जाणार आणि भरकटलेली पेशी हाडात बसलेली असो की फुप्फुसात, तिला धरून दिवा लावणार. त्याला ते प्रोब म्हणतात. सध्या हे सगळं थाळीत आणि उंदरात चालतं, माणसापर्यंत यायला अजून लई वाट आहे, हे तिनं दोनदा सांगितलं. खोटी आशा नको म्हणून असेल.

मला ते लगेच कळलं. आमच्याकडं टेस्ट लॅम्प असतो. वायरीला लावला की कुठं बिघाड आहे ते दिवा सांगतो. मी म्हटलं, "म्हणजे हा तुमचा टेस्ट लॅम्पच झाला."

"अगदी बरोबर काका," शहनाज म्हणाली. लहान पोराच्या हातावर चॉकलेट ठेवावं तसं तिनं ते 'बरोबर' माझ्या हातावर ठेवलं आणि पुन्हा सुनंदाकडं वळली. सुनंदा विचारत होती की तसली कडी चांगल्या पेशीवरही असली तर? शहनाजचे डोळे चमकले. मॅडम, तिथंच तर आमचं गाडं अडलंय, म्हणाली. मग त्या दोघी अशा बोलायला लागल्या की मधे चहा आला, निवला, साय धरली, तरी त्यांना पत्ता नाही. माझ्याशी लग्नाला सव्वीस वर्षं झाली. माझ्यामुळं तिचा चहा कधी निवलेला मला आठवत नाही.

शहनाजनं दिवे घालवून सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. सुनंदानं डोळा लावला आणि बराच वेळ उचललाच नाही. "किती सुंदर आहे गं," म्हणाली.

मला राग आला. जी गोष्ट हिला खायला बसलीय तिला ही सुंदर म्हणते. मला कधी म्हणाली नाही. मग माझी पाळी आली. मी वाकलो, एक डोळा मिटला, दुसरा मिटला. मला माझ्या पापण्यांचे केस दिसले, बाकी अंधार.

"दिसलं का काका, हिरवं?"

"हिरवंगार," मी म्हणालो.

रंगरेजाच्या घरी

शहनाजचे अब्बा करीमभाई जुन्या गावात कपडे रंगवतात. त्यांच्या वडिलांचंही तेच काम. गच्चीवर दोऱ्यांवर ओढण्या वाळत होत्या, खाली हौदातून वाफ येत होती. करीमभाईंनी मला खुर्ची दिली आणि पोरीच्या संशोधनाचा उलगडा एका वाक्यात केला.

"रंग हर कपडे को नै लगता भाईसाब. सूत का रंग रेशम पे डालो, धोये तो निकल जाता. बेटी बी वोइच कर री, बस उसका हौद छोटा है."

माणूस मला आवडला. त्या घरात मला आवडायला जागा असलेला तो एकटाच होता.

दुसऱ्या दिवशी उपास म्हणून संध्याकाळी लवकर जेवायला बसलो. शहनाजच्या अम्मीनं सुनंदासाठी साखर नसलेलं, पचेल असं सगळं वेगळं केलेलं. कुणी सांगितलं होतं त्यांना? मी ताटात बघून विचार करत होतो, तेवढ्यात शहनाज सहज म्हणाली, "काका, बरं झालं तुम्ही घेऊन आले. मी दिवाळीपासून मॅडमना सांगून राहिले, पाठ दुखते ना, स्कॅन करून घ्या म्हणून."

माझा घास हातातच राहिला. दिवाळीपासून.

सुनंदानं पाण्याचा ग्लास उचलला आणि लई वेळ पीत राहिली.

ज्यानं मलम लावलं त्याला संक्रांतीनंतर कळलं होतं. दिवाळीत मी फराळाची ताटं घरोघर वाटत, टोपाची गोष्ट सांगत फिरत होतो आणि तेव्हा माझी बायको एका दीडशे किलोमीटर लांबच्या पोरीला फोनवर सांगत होती की तिला दुखतंय. दुखण्याची भीती नंतर वाटली. आधी वाटला तो मत्सर. हे लिहिताना लाज वाटते, पण ज्यांच्या घरात आजारपण आहे त्यांना हे ठाऊक असावं: माणूस भीतीच्या आधी हिशेब करतो, की मला का नाही सांगितलं.

जेवण झाल्यावर ती गच्चीवर गेली. मी मागून गेलो. अजून उजेड होता. वाळलेल्या ओढण्या ती एकेक उतरवत होती, स्वतःच्या घरच्यासारख्या.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

तिनं एक ओढणी घडी घातली. "तुम्हाला सांगितलं की त्याची गोष्ट होते."

मी म्हटलं, असं काही नाही.

"टोपाची किती ठिकाणी सांगितली तुम्ही? मी पण हसले, हो. पण त्या लग्नात मी मांडवामागं आचाऱ्याच्या पातेल्यांपाशी जाऊन रडले होते. ते तुमच्या गोष्टीत येत नाही. तुमच्या गोष्टीत मी दर वेळी बरी होते. मी बरी नाही झाले तर, एवढं नुसतं ऐकून घेणारं कुणीतरी पाहिजे होतं मला."

"ती ऐकते?"

"ती ऐकते. मग विचारते, बसल्यावर जास्त दुखतं का उठल्यावर."

हा प्रश्न मला सुचला नव्हता. कोणतीही मोटार दुकानात आली की मी पहिला विचारतो, चालू करताना आवाज येतो का चालल्यावर. बायकोला विचारलं नव्हतं.

मग मला सकाळची वाटी आठवली. "आणि ती दही-साखर? तुला ठाऊक होतं ना, ती चालत नाही म्हणून?"

"विज्ञान शिकवते मी."

"मग खाल्ली कशाला? सगळी?"

तिनं शेवटची ओढणी दोरीवरून ओढली. "आणखी एक दिवस न कळलेला पाहिजे होता मला," म्हणाली. आणि तिची घडी घालत, "दही चांगलं लागलं होतं."

गप्प बसायची खोली

दुसऱ्या दिवशी शकुन केला नाही. सेंटरमध्ये सुनंदाला सुई टोचली आणि एका लहान खोलीत एकटीला बसवलं. ती साखर अंगभर फिरेपर्यंत बोलायचं नाही, चघळायचं नाही, हातपाय हलवायचे नाहीत. जो स्नायू काम करतो तो साखर ओढतो आणि चित्रात उगवतो. नातेवाइकांनी बाहेर. तिच्या अंगातून किरणं येत असतात म्हणून.

मी दाराच्या काचेतून बघत होतो. ती डोळे मिटून टेकून बसली होती. मला वाटलं, या बाईला गप्प बसायला इतकी वर्षं कुणी जागा दिली नव्हती, मी तर नाहीच. आणि त्या औषधाचाही मला हेवा वाटला. सव्वीस वर्षांत मला तिच्या आत काय चाललंय ते कळलं नाही, आणि ही काल आलेली चमचाभर साखर आत हिंडून सगळं बघून येणार होती.

स्कॅन झालं. पांढऱ्या कोटातल्या मुलीनं सांगितलं, आजचा दिवस लहान मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या जवळ बसायचं नाही.

मी पुन्हा विचारलं, गरोदर बायकांच्या?

हो, म्हणाली.

मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. शहनाज डबा घेऊन आली होती, पण तिला रस्त्याच्या पलीकडं लिंबाखालीच थांबावं लागलं. गुरू-शिष्या रस्त्याच्या दोन बाजूंनी एकमेकींना हात करत होत्या आणि मधे मी डबा घेऊन येरझारा घालत होतो, रुबाबात. सुनंदाच्या शेजारी गाडीत बसायला आज अख्ख्या नांदेडात एकच माणूस चालत होता. मी मांडीला मांडी लावून बसलो. ती म्हणाली, "जरा सरका, उकडतंय."

चित्र

संध्याकाळी शहनाज पुन्हा लिंबाखाली येऊन थांबली आणि रिपोर्ट घ्यायला मी आत गेलो. सुनंदा गाडीतच बसली. जाताना म्हणाली, "आधी शहनाजला दाखवा."

आधी शहनाजला. मी जिन्याच्या वळणावर पाकीट फोडलं. रिपोर्टातली भाषा मला कळणारी नव्हती, पण त्यात चित्र होतं. पांढऱ्या कागदावर राखाडी बाई उभी, हात वर केलेले. माझी बाई. आणि तिचं डोकं काळंकुट्ट. कडेपासून कडेपर्यंत काळं. खाली ओटीपोटात काळा गोळा. जिथं काळं तिथं साखर, जिथं साखर तिथं कॅन्सर, एवढं मला आता येत होतं.

मेंदूत गेला होता. सगळ्या मेंदूत. कालपर्यंत रेणू आणि कड्या बोलणारा मेंदू. मला एकच कळत होतं, की हे गाडीतल्या बाईला सांगायची माझ्यात ताकद नाही, आणि हे वाचता येणारी एकच व्यक्ती लिंबाखाली उभी आहे. मी गाडीकडं न बघता रस्ता ओलांडला आणि पाकीट तिच्या हातात दिलं. "डोक्यात गेलाय," म्हणालो, आणि रस्त्यावर, लोकांत, रडायला लागलो.

शहनाजनं कागद उजेडाला धरला आणि तिचा श्वास सुटला. "काका, नाही. नाही काका. हा नुसता मेंदू आहे."

मेंदू साखरेवर चालतो, तिनं सांगितलं. सगळ्यांचा असाच काळा येतो. (माझा एवढा काळा येईल का, याबद्दल सुनंदाला शंका आहे.) खालचा गोळा म्हणजे लघवीची पिशवी, उरलेली साखर तिथून बाहेर पडते. "साखर काय, भूक असेल तिथं जाते. तिला कॅन्सरच ओळखता येतो असं नाही. म्हणून तर आम्ही दुसरं शोधून राहिलो ना, फक्त त्यालाच ओळखणारं."

मी डोळे पुसले. मला ती पोर एकदम देखणी, गुणी, सोन्यासारखी वाटायला लागली. मी हसलोसुद्धा. मनात गोष्ट जुळायला लागली होती: नवरा बायकोचा मेंदू बघून रडला. लातूरला पोचेपर्यंत तयार झाली असती.

मग बघितलं तर शहनाजचं बोट चित्रावर थांबलं होतं. पाठीच्या कण्यावर, कमरेच्या थोडं वर. तिथं एक ठिपका होता, मिरीएवढा. तिनं मागची पानं वाचली, पुन्हा चित्र बघितलं. दुसरा हात तिच्या पोटावर गेला.

"हे मात्र," ती म्हणाली.

मी विचारलं, हे मात्र काय.

"डॉक्टर सुई टाकून बघतील, मग पक्कं सांगतील. पण मला वाटतं तेच आहे, काका. बाकी कुठंच नाही, एवढी एकच जागा आहे." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी नाही सांगू शकत त्यांना. अणू म्हणजे काय ते मॅडमनी शिकवलं मला. तुम्ही सांगा."

काल संध्याकाळपासून मला हेच पाहिजे होतं, की सुनंदाचं जे काही असेल ते मला आधी कळावं. आता सुनंदाच्याही आधी मला कळलं होतं. आणि कुणी मागितलं असतं तर मी ते तिथंच रस्त्यावर देऊन टाकलं असतं.

गाडीत परत आलो. सुनंदा समोरच्या काचेतून आमच्याकडंच बघत होती. "तुम्ही दोघं एवढं काय बोलत होता?" तिनं विचारलं. आवाजाला धार होती. ती धार मी ओळखली. दोन दिवस ती माझ्या पोटात होती. "वाटेत सांगतो," म्हणालो आणि गाडी चालू केली.

लोह्याच्या पुढं

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायला नको. सुई टाकून बघितलं, तेच निघालं. त्या जागेला लाइट दिली. रोजची गोळी सुरू आहे, महिन्याला एक इंजेक्शन. नंतरच्या स्कॅनमध्ये ठिपका फिका आला. डॉक्टर 'बरी' म्हणत नाहीत, 'आटोक्यात' म्हणतात, आणि आम्ही तो शब्द वापरायला शिकलो. हे लिहितोय तेव्हा सुनंदा शाळेत गेलीय. पसरला म्हणजे संपलं, असं मला वाटत होतं. तसं सगळ्यांचं नसतं, हे कुणीतरी मला आधी सांगायला पाहिजे होतं, म्हणून मी सांगतोय.

शहनाजला मुलगी झाली. तिचा रेणू अजून उंदरातच आहे. दर रविवारी तिचा फोन येतो आणि मला खुणेनं बाहेर बसायला सांगितलं जातं. मी बसतो. दाराला कान लावत नाही. क्वचित लावतो.

पण त्या संध्याकाळचं राहिलं. नांदेड सुटलं. सुनंदानं पुन्हा विचारलं नाही, ती खिडकीतून बाहेर बघत होती. मी मनात सुरुवात करून बघत होतो. प्रत्येक सुरुवात 'गंमत अशी झाली' नं होत होती. मेंदूची गंमत सांगून हसवावं आणि मग हळूच ठिपक्यावर यावं, असं तीनदा जुळवलं आणि तीनदा मोडलं. लोहा गाव गेलं. पुढं दोन्ही बाजूंना हरभरा काढून झालेली रानं होती आणि उसाचे दोन ट्रॅक्टर आमच्यापुढं रस्ता अडवून चालले होते. मी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"पाठीत एक जागा आहे," मी म्हणालो. "बाकी कुठं नाही. डॉक्टर पक्कं सांगतील, पण शहनाजला वाटतं की तेच आहे. मला भीती वाटते."

एवढंच बोललो. आयुष्यात एवढं कमी मी कधी बोललो नव्हतो.

उसाचे ट्रॅक्टर लांब गेले. मग ती सीटवर थोडी पुढं झाली, स्टिअरिंगवरचा माझा डावा हात उचलला, स्वतःच्या पाठीमागं नेला आणि पदराखालून कण्यावर एका जागी टेकवला.

"इथं," म्हणाली. "हे शहनाजला फोनवर दाखवता येत नव्हतं. दाबू नका. नुसता हात ठेवा."